लस्थियव्वा : ठाण्याच्या राजकन्येचे नाव आणि त्यात मिसळलेल्या तीन भाषा

१/
सह्याद्रीत भटकणाऱ्यांना झंझ राजा परिचित असतो. हरिश्चंद्रगड, रतनवाडीचे अमृतेश्वर, जुन्नरजवळचे कुकडेश्वर, कोठेही गेले तरी माहिती सांगणारा या शिलाहार राजाचे नाव घेतो आणि त्याने बारा नद्यांच्या उगमांपाशी बारा शिवालये बांधल्याची कथा ऐकवतो. या झंझ राजाला एक कन्या होती, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. तिचे नाव लस्थियव्वा. आज ठाणे, कल्याण वा डोंबिवलीतील शाळेच्या हजेरीपटावर हे नाव मिळणे अशक्यप्राय आहे. हा धागा त्या एका नावाचा अर्थ, उगम आणि प्रवास यांविषयी.

२/
प्रथम माहेर. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी नवव्या शतकापासून तेराव्या शतकापर्यंत, म्हणजे सुमारे साडेचारशे वर्षे, कोकणच्या या भागावर राज्य केले. त्यांच्या लेखांत ‘श्रीस्थानक’ या नावाने येणारे नगर म्हणजे आजचे ठाणे. आरंभी ते मान्यखेटच्या राष्ट्रकूट सम्राटांचे मांडलिक होते. श्रीस्थानक, शूर्पारक म्हणजे सोपारा, चेमूली म्हणजे चौल, अशी बंदरे त्यांच्या ताब्यात होती आणि बंदरांतील जकात हा त्यांच्या वैभवाचा मोठा आधार होता.

३/
झंझाचा काळ एका परदेशी साक्षीने निश्चित होतो. अरब प्रवासी अल् मसूदी हा हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इ. स. ९१६ च्या सुमारास, ‘सैमूर’ येथे आला होता. सैमूर म्हणजे चौल. तेथे ‘बल्हरा’ या सम्राटाच्या वतीने ‘जांज’ नावाचा राजा राज्य करीत असल्याची नोंद त्याने केली आहे. बल्हरा हे राष्ट्रकूटांच्या ‘वल्लभराज’ या बिरुदाचे अरबी उच्चारण, आणि जांज म्हणजे झंझ. एका कोकणी राजाचे नाव अशा रीतीने अरबी ग्रंथविश्वात पोहोचले.

४/
बारा शिवालयांची हकिकत मात्र त्याच्या मृत्यूनंतर दीड शतकाहूनही अधिक काळाने लिहिली गेली. शके १०१६ म्हणजे इ. स. १०९४ मधील शिलाहार अनंतदेवाच्या खारेपाटण ताम्रपटात, झंझाने शंभूची बारा मंदिरे उभारली असे म्हटले आहे. ती कोणती, कोठे, कोणत्या नदीच्या उगमाशी, याची यादी त्या ताम्रपटात नाही. ती यादी पुढे लोकपरंपरेने भरून काढली. राजाची मंदिरे स्मरणात राहिली ती अशी, एका ओळीच्या आधाराने. त्याच्या कन्येच्या वाट्यालाही एकच ओळ आली. तिच्याभोवती कथा मात्र जमली नाही.

५/
याचे कारण ताम्रपटांच्या रचनेतच आहे. ताम्रपट हे मुळात दानाचे दस्तऐवज. आरंभी देवतेचे स्तवन, मग राजाच्या कुळाची वंशावळ, मग दान दिलेले गाव, त्याच्या चतुःसीमा, अधिकाऱ्यांची नावे आणि शेवटी दान मोडणाऱ्याला शाप. वंशावळीचे काम एकच : दान देणाऱ्या राजाचा गादीवरचा हक्क दाखवणे. त्यामुळे तेथे पित्यामागून पुत्र वा भावामागून भाऊ येतो. कन्या दुसऱ्या कुळात जाणार, म्हणून तिला त्या साखळीत जागा नसते. झंझानंतर गादी त्याचा भाऊ गोग्गी याच्याकडे गेली, हे शिलाहार ताम्रपट नोंदवतात. झंझाच्या कन्येविषयी ते काहीही बोलत नाहीत.

६/
तिचे नाव सापडते ते सासरच्या कागदात; अधिक अचूक सांगायचे तर सासरच्या ताम्रपटात. सेऊणदेशाच्या यादव घराण्यातील दुसरा सेऊणचंद्र याचा शके ९९१ म्हणजे इ. स. १०६९ चा ताम्रपट वसईत मिळाला. जुनागढहून मुंबईत येऊन स्थायिक झालेले थोर पुराविद्यावेत्ते पंडित भगवानलाल इंद्रजी (१८३९–१८८८) यांनी तो वाचून विद्वानांपुढे ठेवला. १८८२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरमध्ये झंझाविषयी लिहिताना, पंडितांजवळच्या एका अप्रकाशित ताम्रपटाच्या आधाराने एक वाक्य आले : झंझाला लस्थियव्वा नावाची मुलगी होती आणि ती चांदोरच्या यादवांपैकी भिल्लमाला दिली होती.

७/
योगायोग असा की हा ताम्रपट वसईत, म्हणजे तत्कालीन ठाणे जिल्ह्याच्या हद्दीत मिळाला. यादवांचे राज्य घाटावर, दान घाटावरच्या राजाचे, आणि ताम्रपट सापडला तो कोकणच्या किनाऱ्यावर. ठाण्याच्या राजकन्येचे नाव तिच्या माहेरच्या भूमीतच पुन्हा उजेडात आले. तोवर आठशेहून अधिक वर्षे लोटली होती.

८/
हा यादव ताम्रपट वाचण्याजोगा आहे, कारण तो पुरुषांच्या वंशावळीत स्त्रियांना त्यांच्या पित्यासह स्थान देतो. वद्दिगाची राणी वोद्दियव्वा, ती धोरप्पाची कन्या. भिल्लमाची राणी लस्थियव्वा, ती झंझाची कन्या. त्यापुढच्या पिढीतील तेसुक वा वेसुगी याची राणी नायियल्ला, ती गोगीची कन्या. यामागे स्त्रीसन्मानाची आधुनिक कल्पना नव्हती. राष्ट्रकूट, शिलाहार, चालुक्य अशा प्रतिष्ठित कुळांशी आपले सोयरेपण आहे हे उगवत्या यादवांना सांगायचे होते. सासऱ्यांची नावे मिरवायची होती, म्हणून राण्यांची नावे कोरली गेली. हेतू काहीही असो, नावे वाचली.

९/
आता नावाकडे. ‘लस्थियव्वा’ हे रूप ऐकताच मराठी कान अडखळतो. ‘लस्थि’ या शब्दाला संस्कृतात वा प्राकृतात समाधानकारक अर्थ लागत नाही. म्हणून नंतरच्या इतिहासलेखनात ‘लच्छियव्वा’ वा ‘लच्चियव्वे’ अशी रूपे दिसू लागली आणि काही ग्रंथांत तिला सरळ ‘लक्ष्मी’ असेच म्हटले गेले. हा बदल मनमानी नाही. जुन्या नागरी लेखनात ‘च्छ’, ‘त्थ’ आणि ‘स्थ’ ही जोडाक्षरे आकाराने एकमेकांच्या फार जवळ जातात. ताम्रपट कोरणारा कारागीर समोरच्या मसुद्यावरून अक्षरे उतरवीत असे, आणि वाचणारा विद्वान गंजलेल्या पत्र्यावरून. अशा जागी ‘च्छ’चा ‘स्थ’ होणे अगदी सहज शक्य आहे.

१०/
‘लच्छि’ म्हटले की पहिला पडदा दूर होतो. संस्कृत ‘लक्ष्मी’ प्राकृतात ‘लच्छी’ होते. संस्कृतातील ‘क्ष’ प्राकृतात कधी ‘च्छ’ तर कधी ‘क्ख’ होतो, आणि मराठीने दोन्ही वाटा जपल्या आहेत. ‘क्षीर’ची ‘खीर’ झाली, ‘कक्ष’ची ‘काख’ झाली. उलट ‘मक्षिका’ची ‘माशी’ आणि ‘क्षुरी’ची ‘सुरी’ झाली, कारण ‘छ’ पुढे मराठीत ‘श’ वा ‘स’कडे झुकला. ‘लक्ष्मण’चा ‘लखमा’ म्हणणारी मराठी आणि ‘लछमन’ म्हणणारी हिंदी या एकाच मुळाच्या दोन फांद्या. ठाण्याची राजकन्या लच्छी, म्हणजे प्राकृत वळणाची लक्ष्मी.

११/
नावाचा दुसरा भाग ‘अव्वा’. हा शब्द कानडीत आजही रोजच्या वापरात आहे : अव्वा म्हणजे आई, आदराने वडीलधारी स्त्री. सोलापूर, जत, गडहिंग्लज, बेळगाव या पट्ट्यात गंगव्वा, यल्लव्वा, शिवव्वा, लक्कव्वा ही नावे आजही ऐकू येतात. त्यातील ‘लक्कव्वा’ तर लच्छियव्वेची सख्खी बहीणच म्हणावी : तीच लक्ष्मी, तीच अव्वा; फक्त ‘क्ष’ने ‘च्छ’ऐवजी ‘क्क’ची वाट धरली.

१२/
मधला ‘य’ कोठून आला? नावाच्या उगमाचा सर्वांत पक्का पुरावा या एका अक्षरात आहे. संस्कृत संधिनियमाने ‘इ’पुढे ‘अ’ आला की ‘इ’चाच ‘य्’ होतो : अति + अंत = अत्यंत. त्या नियमाने ‘लच्छ्यव्वा’ व्हायला हवे होते. कानडीत मात्र ‘इ’ जागीच राहते आणि दोन स्वरांच्या मध्ये ‘य’ येऊन बसतो. कानडी व्याकरणात याला यकारागम म्हणतात. लच्छि + अव्वा = लच्छियव्वा. वोद्दि + अव्वा = वोद्दियव्वा. यादवांच्याच वंशावळीतील ‘धाडियप्प’ हे पुरुषनाम पाहावे : धाडि + अप्प, तोच नियम. ही नावे घडवणाऱ्यांच्या कानात कानडीचे व्याकरण मुरलेले होते.

१३/
म्हणजे या एका नावात तीन भाषा आहेत. देवता संस्कृत परंपरेची, उच्चार प्राकृताचा, आणि नाव पूर्ण करणारी ‘आई’ कानडी. अर्थ लावायचा तर ‘लक्ष्मीआई’, ‘लक्ष्मीबाई’.

१४/
नुकत्याच जन्मलेल्या मुलीला ‘आई’ म्हणावे, हे विचित्र वाटू नये. मराठी घरांत लेकीला लाडाने ‘माई’, ‘बाय’, ‘ताई’ म्हणतातच. ‘जिजा’ला जोडून ‘जिजाई’ होते, ‘मुक्ता’ला जोडून ‘मुक्ताई’. पुरुषांच्या नावांनाही अशीच नातेवाचक जोड मिळे. झंझाच्या पित्याचे नाव ‘वप्पुवण्ण’ असे येते. त्यातील शेवटचा ‘अण्ण’ म्हणजे थोरला भाऊ. वोद्दियव्वेचा पिता ‘धोरप्प’. त्यातील ‘धोर’ हे ‘ध्रुव’चे प्राकृत रूप आणि ‘अप्प’ म्हणजे पिता. अण्णा, अप्पा, अक्का : हे शब्द आज अस्सल मराठी घरांत वडीलधाऱ्यांसाठी वापरले जातात आणि ते कानडीतून आले आहेत, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. या कुटुंबातील ‘अव्वा’ तेवढी मराठीच्या मुख्य प्रवाहातून बाहेर राहिली.

१५/
ठाण्याच्या राजघराण्यात कानडी वळणाची नावे का? दहाव्या शतकात आजच्या राज्यसीमा मनातून पुसाव्या लागतात. राष्ट्रकूटांची राजधानी मान्यखेट म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड. सम्राट अमोघवर्षाच्या दरबारात नवव्या शतकात रचला गेलेला ‘कविराजमार्ग’ हा कानडीतील आद्य उपलब्ध ग्रंथ. त्यात कन्नड देश कावेरीपासून गोदावरीपर्यंत पसरल्याचे सांगितले आहे. या विधानाकडे आजच्या सीमावादाच्या चष्म्यातून पाहण्यात अर्थ नाही. त्या काळी दख्खनच्या मोठ्या भागात दरबार, लष्कर आणि उच्च कुळे यांच्यात कानडीला प्रतिष्ठा होती, एवढे त्यातून कळते.

१६/
शिलाहार स्वतःला ‘तगरपुरवराधीश्वर’ म्हणवीत, म्हणजे तगर या श्रेष्ठ नगराचे स्वामी. तगर म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर. कोकणात राज्य करताना हे घराणे घाटावरच्या आपल्या मूळ स्थानाची आठवण बिरुदात वागवीत राहिले. तेर ते मळखेड हा प्रदेश मराठी आणि कानडी यांच्या सरमिसळीचा. घराणे समुद्रकाठी आले, तरी लेकीबाळींची नावे त्याच सरमिसळीतून आली.

१७/
समकालीन उदाहरण घ्यायचे तर कर्नाटकातील अत्तिमब्बेचे घ्यावे. दहाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि अकराव्याच्या आरंभी होऊन गेलेली ही जैन श्राविका ‘दानचिंतामणी’ म्हणून प्रसिद्ध आहे. पोन्न कवीच्या ‘शांतिपुराणा’च्या एक हजार प्रती तिने लिहवून वाटल्या, कविरत्न रन्नाला आश्रय दिला आणि लक्कुंडीला जिनालय उभारले. तिच्या नावातील ‘अब्बे’ म्हणजेच ‘अव्वे’, आई. लच्छियव्वा आणि अत्तिमब्बे यांची नावे एकाच साच्यातली. फरक असा की अत्तिमब्बेचे कार्य कवींनी आणि शिलालेखांनी जपले; ठाण्याच्या राजकन्येचे केवळ पितृनाम आणि पतिनाम.

१८/
एक शंका येथे उभी राहते. मसूदीने झंझाला ९१६ च्या सुमारास राज्य करताना नोंदवले. तिचा पती भिल्लम दुसरा याचा संगमनेर येथील ताम्रपट शके ९२२, म्हणजे इ. स. १००० चा. सासरा आणि जावई यांच्या नोंदींत ८४ वर्षांचे अंतर! मग हा झंझ दुसराच कोणी होता काय?

१९/
वर्षांऐवजी पिढ्या मोजल्या तर चित्र बदलते. झंझानंतर त्याचा भाऊ गोग्गी. गोग्गीचा मुलगा वज्जड. वज्जडाचा मुलगा अपराजित, ज्याचा ताम्रपट शके ९१९, म्हणजे इ. स. ९९७ चा आहे. म्हणजे वज्जड हा लच्छियव्वेचा चुलतभाऊ, आणि भिल्लमाचा समकालीन अपराजित हा तिचा चुलत भाचा. झंझाला मुलगी उतारवयात झाली असेल आणि भिल्लम प्रौढपणी गादीवर आला असेल, तर हिशेब ताणला जातो, पण तुटत नाही. ठाण्याच्या वंशावळीत झंझ नावाचा दुसरा राजा नाही, हेही लक्षात घ्यावे लागते. म्हणून जुन्या झंझाची कन्या हा अर्थ सोडून देण्याचे सबळ कारण दिसत नाही.

२०/
हा विवाह का झाला असावा, याचे उत्तर नकाशात मिळते. यादवांचा सेऊणदेश म्हणजे नाशिक, सिन्नर, संगमनेरचा परिसर. शिलाहारांचे राज्य म्हणजे ठाणे, सोपारा, चौल ही बंदरे. दोहोंच्या मध्ये सह्याद्रीची भिंत आणि त्या भिंतीतले दरवाजे म्हणजे घाटवाटा. कल्याणहून शहापूर, कसारामार्गे थळ घाट चढला की नाशिक. कल्याणहून मुरबाडमार्गे नाणेघाट चढला की जुन्नर आणि पुढे संगमनेर. बंदरात उतरलेला माल घाटावर जायचा आणि घाटावरचे धान्य, कापड खाली यायचे, तर दोन्ही टोकांच्या सत्ताधीशांचे पटणे आवश्यक होते. आज कसाऱ्याची लोकल ज्या दिशेने धावते, त्याच दिशेने हे सोयरेपण जोडले गेले होते.

२१/
पण सोयरेपण राजकारणाला पुरे पडत नाही. इ. स. ९७३ मध्ये चालुक्य तैलप दुसरा याने राष्ट्रकूट सत्ता उलथून टाकली आणि दख्खनचा धनी बदलला. लच्छियव्वेच्या सासरने नव्या सत्तेशी जुळवून घेतले : भिल्लम तैलपाच्या बाजूने उभा राहिला आणि माळव्याच्या परमार मुंजाविरुद्धच्या युद्धात त्याने पराक्रम केल्याचे संगमनेरचा ताम्रपट सांगतो.

२२/
माहेरने नेमके उलट केले. अपराजिताचा ९९७ चा ताम्रपट भिवंडीजवळच्या भादाणे गावाचे दान नोंदवतो. ते दान आहे लोनाड येथील लोणादित्य या सूर्यदेवतेच्या मंदिराला. कल्याण आणि भिवंडीच्या मधले हे लोनाड आजही आहे. या ताम्रपटात अपराजित आधी राष्ट्रकूटांची सबंध वंशावळ देतो आणि तैलपाने ते राज्य नष्ट केल्याबद्दल खेद व्यक्त करतो. सम्राट नाहीसे होऊन २४ वर्षे झाली, तरी ठाण्याचा राजा नव्या सम्राटाचे आधिपत्य मान्य करीत नाही.

२३/
अवघ्या तीन वर्षांच्या अंतराने कोरलेले हे दोन ताम्रपट समोरासमोर ठेवावेत. एकात तैलपाने बुडवलेल्या सत्तेचा शोक, दुसऱ्यात तैलपाच्या बाजूने लढल्याचा अभिमान. या दोन घराण्यांना जोडणारी व्यक्ती लच्छियव्वा. तिच्या मनात काय होते, हे एकाही ताम्रपटाने विचारलेले नाही. मात्र पत्रे, कथा, गाणी यांतले काहीच हाती नसताना, केवळ एका नावामुळे हे दोन दस्तऐवज एकाच कुटुंबाचे होतात आणि सत्तांतराला घरातली किनार मिळते.

२४/
पुढे या प्रदेशाची भाषा बदलत गेली. शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, हे वर्ष त्या दृष्टीने लक्षात ठेवावे. याच वर्षाचा, शिलाहार मुम्मुणीच्या काळचा संस्कृत लेख अंबरनाथच्या शिवमंदिरात आहे; आणि याच वर्षाचा दिवेआगरचा ताम्रपट मराठी भाषेत आहे. मंदिरात राजाची संस्कृत, आणि गावच्या व्यवहारात लोकांची मराठी. लच्छियव्वेचे नाव नोंदवणारा यादव ताम्रपट यानंतर नऊच वर्षांचा. तिच्या नावातील कानडी कोकणातून मागे सरत होती तेव्हाच ते कोरले गेले.

२५/
त्यानंतर दोन शतकांनी मराठी स्त्रियांची नावे कशी झाली होती, हे ‘लीळाचरित्र’ दाखवते. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी सिद्ध केलेल्या या ग्रंथात महदाइसा, उमाइसा, देमाइसा, हिराइसा अशी नावे भेटतात. नावाचा साचा तोच : आधी मूळ नाव, मग ‘आई’. फक्त आईची भाषा बदलली. यादव कुळात वोद्दियव्वा आणि लच्छियव्वा नांदल्या. त्याच यादवांच्या राज्यात पुढे महदाइसा वावरली, जिच्या ‘धवळ्यां’मुळे ती आद्य मराठी कवयित्री मानली जाते. ‘अव्वा’ जाऊन ‘आइसा’ आली, आणि पुढे ‘आई’ व ‘बाई’ स्थिर झाल्या.

२६/
माहेर आणि सासर यांच्या नात्याचा शेवट मात्र कटू आहे. इ. स. १२६५ च्या सुमारास देवगिरीच्या यादव महादेवाने उत्तर कोकणावर स्वारी केली. ठाण्याचा शेवटचा शिलाहार राजा सोमेश्वर जमिनीवर हरला, गलबतांचा आश्रय घेऊन समुद्रात गेला आणि तेथेच बुडून मरण पावला. यादवांचा मंत्री हेमाद्री याने आपल्या प्रशस्तीत हा प्रसंग उपहासाने रंगवला : महादेवाच्या क्रोधापेक्षा सोमेश्वराला समुद्रातला वडवानल बरा वाटला, अशा आशयाचा. बोरिवलीजवळच्या एक्सर येथील वीरगळांवर कोरलेले नाविक युद्ध याच प्रसंगाचे असावे, असे काही अभ्यासक मानतात.

२७/
ज्या कुळात ठाण्याची लेक दिली होती, त्याच कुळाने अडीचशेहून अधिक वर्षांनी ठाण्याचे राज्य बुडवले. हेमाद्रीच्या प्रशस्तीला या जुन्या सोयरिकीशी काही कर्तव्य नव्हते. दुसऱ्या सेऊणचंद्राच्या वेळी झंझाची कन्या हे भूषण होते, म्हणून ते कोरले गेले. महादेवाच्या वेळी शिलाहार हे शत्रू होते. राजवंशाची स्मृती सोयीनुसार उघडते आणि मिटते.

२८/
ताम्रपट सापडणे हीदेखील दैवाची गोष्ट. ठाण्याच्याच भूमीतून १७८७ च्या सुमारास खोदकामात शिलाहार अरिकेसरीचा शके ९३९, म्हणजे इ. स. १०१७ चा ताम्रपट निघाला आणि कोलकात्याच्या ‘एशियाटिक रिसर्चेस’च्या पहिल्याच खंडात त्याचे भाषांतर छापले गेले. भारतीय ताम्रपटांच्या आधुनिक अभ्यासातील अगदी आरंभीच्या नोंदींत ठाण्याचे नाव आहे ते यामुळे. पण त्या ताम्रपटातही राजकन्येचे नाव नाही. तिच्यासाठी वसईच्या ताम्रपटाची आणि भगवानलालांच्या नजरेची आणखी जवळजवळ शंभर वर्षे वाट पाहावी लागली. तो एक पत्रा तांबटाच्या भट्टीत वितळला असता, तर ‘लस्थियव्वा’ हे नाव निघून गेले असते आणि गेल्याचे कळलेही नसते.

२९/
म्हणून दुर्मिळ नावांच्या अभ्यासाला केवळ कुतूहलापलीकडचे मोल आहे. राजांची नावे विजय, दाने, बिरुदे यांच्या आधाराने दहा ठिकाणी टिकतात. स्त्रीचे नाव बहुधा दोन कुळांच्या सांध्यावर, एकदाच उमटते. त्या एका नोंदीतील एकेक अक्षर मोलाचे असते : ‘च्छ’ की ‘स्थ’ यावर अर्थ ठरतो, ‘य’वर भाषा ठरते आणि ‘अव्वा’वर एका प्रदेशाचा विसरलेला शेजार.

३०/
ज्यांना हा शेजार डोळ्यांनी पाहायचा असेल, त्यांनी अंबरनाथचे मंदिर आणि लोनाड अवश्य पाहावे; दोन्ही कल्याणपासून जवळ आहेत. आणि ज्यांना तो घरातच शोधायचा असेल, त्यांनी आपल्या कुटुंबाची वंशावळ काढून पाहावी. बहुतेक घरांत पणजोबा, खापरपणजोबांची नावे ओळीने सापडतील. पणजीचे माहेरचे नाव विचारावे, आणि तिच्या आईचे. ज्या आजीला ते आठवत असेल, तिच्याकडून ते आजच लिहून घ्यावे, जसे ती उच्चारते अगदी तसे. शुद्ध करून नव्हे. ‘लच्छी’ असेल तर ‘लच्छी’ लिहावे, ‘लक्ष्मी’ नको. ठाण्याच्या राजकन्येची ओळख आज पटते, ती तिचे नाव कोरणाऱ्याने तिला संस्कृत वेष चढवला नाही म्हणून.